वीणेतील भिंगुरटी आणि दृष्टांताची मर्यादा

गेल्या श्रावणात गोकुळाष्टमीच्या सप्ताहानिमित्त आमचे जाणे मेहकर तालुक्यातील एका लहान गावी झाले. तेथे जे घडले ते आमच्या चुकीचे आहे. परंतु त्या चुकीतून कीर्तनकारांस, टाळकऱ्यांस व गावोगावच्या भजनी मंडळांस उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी निघाल्या. एक दृष्टांत कसा सांगावा ही, व दुसरी वाद्य कसे ठेवावे ही. म्हणून हा पाठ लिहावयास घेतला आहे.

श्रीगजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेने सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करीत शेगावी पोहोचली होती. गावची मंडळीही पंढरीहून परतली होती. त्यांची नवी वीणा दिंडीत खुंटी मोडल्यामुळे दुरुस्तीस गेलेली. तेव्हा सप्ताहाच्या वीणापूजनासाठी मारुतीच्या देवळातील जुनी वीणा खाली काढली. आज्या-पणज्याच्या काळची, खऱ्या भोपळ्याची. चैत्रापासून ती खुंटीवरच होती. वीणेकरी आजोबांनी गळ्यात घेऊन तार छेडली आणि आमच्याकडे पाहिले. म्हणाले, "बुवा, वीणा बोलून नाही राह्यली."

आम्ही म्हटले, तार गंजली असेल. तार बदलली, तरी आवाज भद्दच. वीणा हलविली तर आत खडखड. दांडी व भोपळा यांच्या सांध्याशी बोटभर फट पडली होती, तीतून बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. आत मातीची घरे! एकाला एक लागून पाच. लहान गाडगी पालथी घालावीत तशी. त्यांतले फटीजवळचे एक घर वीणा आडवी करताना निखळून ओट्यावर पडले.

एक तरुण म्हणाला, "ठोकून काढा, पाच मिनिटांचं काम." त्यावर वीणेकरी आजोबा म्हणाले, "लेकुरवाळी हाये ती. सप्ताह पांडुरंगाचा, अन् पहिल्याच दिवशी घरं मोडायची का?" सर्वांस ते पटले. शेजारच्या गावाहून वीणा मागवून पहारा सुरू केला, आणि ही जुनी वीणा तशीच व्यासपीठाशेजारी पूजेस ठेवली.

त्या रात्री आमचे कीर्तन होते. समोर असा प्रसंग आयता असता कीर्तनकार तो सोडील कसा? आम्ही रंगात येऊन सांगितले की, ही कुंभारीण, जिला जुन्या मराठीत भिंगुरटी म्हणतात, ती अळी आणून मातीच्या घरात कोंडते. ती अळी भयाने रात्रंदिवस भिंगुरटीचेच ध्यान करते, आणि ध्यान करता करता स्वतःच भिंगुरटी होऊन उडून जाते. मग भयाने ध्यान करणाऱ्या किड्याची ही गत, तर प्रेमाने ध्यान करणारा भक्त देव होणार नाही का? देवाने तो दृष्टांत आज आपल्या वीणेत आणून ठेवला आहे! टाळकऱ्यांनी गजर केला. आम्हांसही समाधान वाटले.

सकाळी आम्ही संध्या आटोपून ओट्यावर बसलो होतो. वीणेकरी आजोबांची नात आली. बारावीत शास्त्र शाखेला शिकणारी. हातात स्टीलची डबी.

"बुवा, हे पाहा. काल पडलेलं घर आहे. यात सहा हिरव्या अळ्या आहेत. जित्या आहेत, पण चालत नाहीत. अन् हे पांढरं आहे ना, ते त्यांना खाऊन राह्यलं."

आम्ही चष्मा लावून पाहिले. खरेच होते.

"अळीची भिंगुरटी होत नाही, बुवा. भिंगुरटीचं लेकरू अळ्या खातं, मग त्याचा कोश होतो, अन् त्यातून भिंगुरटी निघते." जरा थांबून तिने विचारले, "मग काल रात्री तुम्ही सांगितलं ते खोटं होतं का?"

'संतांच्या वचनावर शंका घेऊ नये, माय' हे वाक्य आमच्या ओठांपर्यंत आले होते. ते आम्ही गिळले, ह्यात आमचा काही मोठेपणा नाही. तिच्या हातातील डबीत ते पांढरे पिल्लू त्या क्षणी खातच होते. आम्ही एवढेच म्हटले, "आजच्या कीर्तनात उत्तर देतो."

कीटभृंगन्याय कोठून आला

तो दिवस आम्ही विचारात घालविला. प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. पृथ्वी, वायू, आकाश, जल येथून आरंभ होऊन कपोत, अजगर, मधमाशी, हरिण, मासा, कुरर पक्षी, लहान मूल, बाण करणारा कारागीर असे करीत करीत तो शेवटी कोळ्यावर व त्यानंतर पेशस्कृतावर येतो. पेशस्कृत म्हणजे हीच आपली भिंगुरटी, चोविसांतील शेवटचा गुरु. तेथील सिद्धांत असा की, स्नेहाने, द्वेषाने अथवा भयाने माणूस आपले मन संपूर्णपणे जेथे लावील, त्या रूपाला तो पोहोचतो. त्यास उदाहरण म्हणून भिंतीतील घरात कोंडलेला कीटक दिला आहे. तो पूर्वीचा देह न टाकताच तद्रूप होतो असे तेथे म्हटले आहे. ह्या स्कंधावरील नाथांची टीका शके 1495 मध्ये, म्हणजे इ.स. 1573 मध्ये, वाराणसीस पूर्ण झाली. तिच्यामुळे हा न्याय मराठी कीर्तनात घरोघर गेला. पाठशाळेत आम्ही तो कीटभृंगन्याय म्हणून शिकलो आणि चाळीस वर्षे सांगत आलो.

आता प्रत्यक्ष काय आहे ते पाहा. भिंगुरटी ओल्या मातीच्या गोळ्या तोंडाने आणून घर बांधते. मग अळी शोधून तिला नांगी मारते. ह्या नांगीने अळी मरत नाही, लुळी पडते. मेली तर कुजेल, व कुजली तर पिल्लाच्या कामाची राहणार नाही. घरात एक अंडे घालून व अशा काही अळ्या भरून ती मातीने दार बंद करते व निघून जाते. अंड्यातून निघालेले पिल्लू साठवून ठेवलेल्या अळ्या खाऊन वाढते, आतच कोश करते, आणि पंख फुटले की माती कोरून बाहेर पडते. काही जाती अळ्यांऐवजी कोळी साठवितात. फ्रान्स देशातील जाँ आंरी फाब्र (1823–1915) ह्या निरीक्षकाने अशी घरे उघडून वर्षानुवर्षे पाहिली. त्यास असे दिसले की, ह्यांतील एक जात आपले अंडे घराच्या छताला बारीक धाग्याने टांगून ठेवते, म्हणजे खाली वळवळणाऱ्या अळ्यांच्या अंगाखाली ते चिरडू नये.

मग जुन्या लोकांनी असे कसे म्हटले? आमचे मते त्यांनी डोळे मिटून काही म्हटले नाही. अळी आत जाते, हे त्यांनी पाहिले होते. त्याच बंद घरातून काही दिवसांनी भिंगुरटी निघते, हेही पाहिले होते. दोन्ही टोकांस प्रत्यक्ष होते, मधले घर बंद होते. त्या बंद घरातील गोष्ट त्यांनी अनुमानाने भरली. अनुमान चुकले, पण नजर चुकली नव्हती.

आणि हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. चीन देशातील शिजिंग ह्या अतिप्राचीन काव्यसंग्रहात हीच गोष्ट आहे. भिंगुरटी दुसऱ्याचे अळीरूप लेकरू उचलून नेते व आपले म्हणून वाढविते, अशी तेथील समजूत. पुढे लोक असेही सांगू लागले की, ती घराच्या दाराशी गुणगुणत 'माझ्यासारखी हो, माझ्यासारखी हो' असे अळीला म्हणत असते. चिनी भाषेत दत्तक मुलाला त्या अळीचे नाव पडले, ते आजही चालते. तिकडे ताओ होंगजिंग (इ.स. 456–536) नामक एक विद्वान होऊन गेला. तो स्वतः धर्ममार्गी, औषधीग्रंथांचा अभ्यासक. त्याने घरे उघडून पाहिली व लिहून ठेवले की, ही अळी लेकरू नसून लेकराचे अन्न आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एका साधूने जे केले, ते आमच्या गावी बारावीतल्या मुलीने स्टीलच्या डबीत केले. आम्हीच तेवढे चाळीस वर्षांत एकही घर उघडले नव्हते.

दृष्टांताची मर्यादा

दुसऱ्या रात्री कीर्तनाच्या आरंभीच आम्ही सांगितले की, काल भिंगुरटीविषयी जे बोललो ते निसर्गात तसे घडत नाही. मुलीला उभी करून तिने पाहिले ते तिच्याच तोंडून सांगविले. सभा गप्प झाली. मग मागून एक वृद्ध वारकरी उठले. चाळीस वाऱ्या केलेले. म्हणाले, "बुवा, आज भिंगुरटी खोटी म्हणता. उद्या म्हणाल चातक खोटा, परवा म्हणाल दूध अन् पाणी निवडणारा हंस खोटा. मंग आम्ही धरावं काय?"

प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. तिकडे मुलीचा प्रश्न की, जे दिसते ते नाकारू काय? इकडे आजोबांचा प्रश्न की, ज्याच्या आधारे जन्म काढला ते सोडू काय? दोघांपैकी एकालाही उडवून लावणे कीर्तनकाराला शोभत नाही. मुलीला गप्प केले, तर ती देवळाची पायरी पुन्हा चढणार नाही. आजोबांना हसलो, तर त्यांची वारी आम्ही हलकी केली. तेव्हा जे उत्तर दिले ते येथे क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट. दृष्टांत म्हणजे काय, ह्याची व्याख्या गौतमांच्या न्यायसूत्रात आहे. ज्या गोष्टीविषयी साधा माणूस व परीक्षा करणारा जाणता, ह्या दोघांची बुद्धी सारखी होते, तो दृष्टांत. धूर आणि स्वयंपाकघर हे उदाहरण पाठशाळेत देतात ते ह्याच कारणासाठी, की ते सगळ्यांस मान्य असते. नाथांच्या काळी भिंगुरटीविषयी शेतकऱ्याची व पंडिताची बुद्धी एक होती, म्हणून तो उत्तम दृष्टांत होता. आज समोरच्या सभेतील मुलामुलींनी अंडे, अळी, कोश, माशी हा क्रम शाळेत शिकला आहे. तेथे ती एकबुद्धी राहिली नाही. मग शास्त्राच्याच व्याख्येने त्या सभेपुरता तो दृष्टांत उरत नाही. हे आम्ही शास्त्र सोडून बोलत नसून शास्त्राला धरूनच बोलत आहोत.

दुसरी गोष्ट. ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्यांनी सांगितले आहे की, दृष्टांत व ज्यासाठी तो दिला ते दार्ष्टांतिक, ह्यांत सर्व अंशांनी साम्य कोठेच नसते. विवक्षित अंशापुरते साम्य घ्यावयाचे असते. मुख चंद्रासारखे म्हटले म्हणजे त्यावर डाग शोधू नयेत. भागवतातील विवक्षित अंश कोणता? मन जेथे लागते तसे माणूस होतो. हा सिद्धांत भिंगुरटीच्या पायावर उभा नाही. ज्याचे मन रात्रंदिवस पैशात असते त्याचे बोलणे, चालणे, स्वप्नसुद्धा पैशाचे होते, हे आपण रोज पाहतो. ज्याचे वैर फार दिवस मनात धरले, त्याच्याच खोडी आपल्या अंगी येतात, हेही पाहतो. आणि पन्नास वर्षे नाम घेतलेल्या माणसाचा चेहरा आपण वारीत पाहतो. अळी भिंगुरटी होत नसली, तरी ह्यांपैकी काहीही खोटे ठरत नाही.

तिसरी गोष्ट. सगळेच जुने दृष्टांत असे गळून पडतात असेही समजू नये. त्याच सप्ताहात पेटीचा एक सूर बोलेना. पेटीवाल्याने झाकण काढून पाहिले, तर पितळी पट्टीवर कोळ्याचे जाळे. त्या पट्टीची जीभ वाऱ्याने थरथरते तेव्हा सूर निघतो. जाळ्याने किंवा कचऱ्याच्या कणाने ती अडकली की सूर बंद. आता कोळ्याचा दृष्टांत मुंडकोपनिषदात आहे. कोळी आपल्यातूनच धागा काढतो व आपल्यातच घेतो, तसे अक्षरब्रह्मातून विश्व होते. हे प्रत्यक्षाशी ताडून पाहा. गोल चाकासारखी जाळी विणणारे कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात व पुन्हा नवे विणतात. म्हणजे काढणे आणि घेणे दोन्ही खरे. भागवतात हाच कोळी तोंडावाटे धागा पसरतो असे वर्णन आहे. प्रत्यक्षात धागा पोटाच्या मागच्या टोकापासून निघतो. तेवढा अंश सोडावा, पण मुख्य अंश जसाच्या तसा उभा आहे. तेव्हा एक दृष्टांत चुकला म्हणून सर्व टाकू नयेत, व एक खरा निघाला म्हणून सर्व ताणू नयेत. एकेक घर उघडून पाहावे.

चातक व हंस ह्यांविषयी आजोबांस आम्ही म्हटले, "बाबा, ते कवींचे संकेत आहेत. चातक पावसाच्या पाण्यावाचून पीत नाही, हे पक्ष्याचे वर्णन नसून भक्ताच्या अनन्यतेचे आहे. पक्षी डबक्यावर पाणी पिताना दिसला म्हणून अनन्यता खोटी होत नाही. धरायचं ते नाम. दृष्टांत हा हात धरून दारापर्यंत नेणारा माणूस आहे. दार आले की त्याचा हात सुटला तरी चालतो."

आजोबांचे पूर्ण समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. "बरं," एवढेच ते म्हणाले आणि बसले. पण तिसऱ्या रात्री ते आले, मुलगीही आली, आणि दोघे एकाच सतरंजीवर बसली. आम्हांस तेवढे पुरे झाले.

तरुण कीर्तनकारांसाठी ह्यातून तीन नेम सांगतो. सिद्धांत आधी पक्का मांडावा, दृष्टांत नंतर द्यावा, म्हणजे दृष्टांत डळमळला तरी सिद्धांत डळमळत नाही. परंपरेचा दृष्टांत सांगताना 'ग्रंथात असा दृष्टांत आहे' असे म्हणावे, 'सृष्टीत असे घडते' असे छातीठोकपणे म्हणू नये. आणि चूक झाली तर ती ज्या व्यासपीठावर झाली त्याच व्यासपीठावर दुरुस्त करावी. खोलीत बसून केलेली दुरुस्ती सभेस कळत नाही.

घुणाक्षर

त्या गावच्या मृदंगाची खोड पाहिली तर खाली पिठासारखी बारीक पूड पडलेली. घुण लागला होता. संस्कृतात घुणाक्षरन्याय प्रसिद्ध आहे. घुण लाकूड पोखरीत जातो, आणि त्या रेघांतून कधी एखादे अक्षर उमटल्यासारखे दिसते. घुणाला अक्षर येत नाही, त्याला त्याचा अर्थही ठाऊक नाही. युरोपात सालीखाली लाकूड कोरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या रेघा अशाच लिहिल्यासारख्या दिसतात. म्हणून 1758 मध्ये लिनियस ह्या शास्त्रज्ञाने त्याला 'मुद्रक' ह्या अर्थाचे नाव दिले. म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट दिसली.

हा न्याय आम्ही आजवर दुसऱ्याला लावीत आलो. अर्थ न कळता पाठ म्हणणारा तो घुण, असे किती वेळा म्हटले असेल. त्या सप्ताहात तो आम्हांसच लागू पडला. भिंगुरटीची ओळ आमच्या तोंडातून चाळीस वर्षे बरोबर उमटत होती, पण आतले आम्ही कधी पाहिले नव्हते. अक्षर बरोबर असले तरी कोरणारा घुणच.

वाद्यांची निगा

आता मंडळांच्या उपयोगाचे. वाद्यात जीव घर का करतात? पोकळी, अंधार, खाणे आणि शांतता ह्या चार गोष्टी तेथे एकत्र मिळतात म्हणून. एकेक वाद्य घेऊ.

वीणा. भोपळ्याची वीणा असेल तर तिला जपावे. तंबोऱ्याचे व वीणेचे भोपळे पंढरपूर, मंगळवेढे ह्या भागात पिकतात आणि मिरजेस त्यांची वाद्ये होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्या भोपळ्यातून आपण विठ्ठलाचे नाव काढतो, तो पुष्कळदा विठ्ठलाच्याच मुलखातला असतो. सांधा उकलला, फट पडली की लगेच मेणाने बुजवावी व कारागिराकडे न्यावी. वापर नसताना कापडी गवसणी घालून तोंड बांधावे. भिंतीला चिकटवून टांगू नये, पावसाळ्यात भिंतीची ओल वाद्यात उतरते. पंधरा दिवसांनी गवसणी काढून वारा द्यावा.

मृदंग. धुम्याला लावलेली कणीक भजन संपताच काढून, पुडी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. रात्रभर कणीक राहिली की मुंग्या व उंदीर येतात, आणि उंदीर कणकेबरोबर कातडेही कुरतडतो. दुसऱ्या अंगाच्या शाईत लोहकीस असतो तसा भाताचा चिकटाही असतो. दमट जागी त्यालाही किडे लागतात. कातडे खाणारे बारीक केसाळ भुंगेरे असतात, ते वादीतही शिरतात. नवी खोड घेताना गाभ्याचे लाकूड पाहून घ्यावे. बाहेरच्या अंगाच्या पांढरट लाकडात पिष्ट अधिक असते, घुण तेथेच आधी जातो. खाली पूड दिसली की ते वाद्य इतर वाद्यांपासून वेगळे ठेवावे.

पेटी. भाता उंदीर कापतात आणि पट्ट्यांखालचे लोकरी कापड कसर खाते. पेटी वापरून झाली की भाता बंद करून, झाकण लावून, जमिनीपासून उंच ठेवावी. आत साखरफुटाणे, प्रसादाचे कण पडू देऊ नयेत. देवळात हे फार होते. प्रसाद वाटणाऱ्याने पेटीवरून हात नेऊ नये. वर्षातून एकदा जाणत्याकडून उघडून आतील जाळी व धूळ काढून घ्यावी. घरच्या घरी सुईने सूर टोकरू नयेत.

बासरी व इतर नळ्या. उघडे तोंड दिसले की कुंभारीण माती भरते. ही गोष्ट लहान वाटते, पण दि. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक मोठे विमान समुद्रात पडून 189 माणसे गेली. वेग मोजणारी त्याची नळी बुजलेली होती, आणि ती अशाच मातीचे घर करणाऱ्या माशीने बुजविली असावी असा तपासात संशय आला. विमान काही दिवस न उडता उभे होते व नळीला झाकण घातलेले नव्हते. बासरीची तोंडे फडक्याने बांधावीत, एवढेच आपले काम.

जीव आधीच आत असेल तर काय करावे? आमचे मत वीणेकरी आजोबांचेच आहे. भिंगुरटीसारखे वाद्य न खाणारे जीव असतील, तर काही आठवडे थांबावे. पिल्ले उडून जातात, मग रिकामी माती काढावी. घुण, वाळवी, उंदीर ह्यांचे तसे नाही. ते वाद्यच संपवितात, तेथे उपाय लवकर केला पाहिजे. पण सर्वांत मोठा उपाय त्यांना घर करू न देणे हा आहे, आणि तो औषधात नाही. सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री गळ्यावरून खाली उतरत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तशा वीणेत कोणी घर बांधल्याचे आम्ही ऐकले नाही. भिंगुरटी निवांत जागा शोधते. आमच्या देवळात तिला ती चैत्रापासून श्रावणापर्यंत मिळाली, ह्यात तिचा दोष काय? पूर्वी त्या देवळात रोज सायंकाळी हरिपाठ होत असे. तो केव्हा बंद पडला, हे गावात कोणालाच नेमके सांगता येईना. वीणेतील माती पाहून तो बंद पडल्याचे कळले.

आश्विनात त्या गावाहून निरोप आला. उरलेल्या चारही घरांना गोल भोके पडली होती, आत काही नव्हते. आजोबांनी व नातीने मिळून माती काढली, सांधा बुजवून आणला, नवी तार चढविली. वीणा बोलते. आता रोज दिवेलागणीला सहा-सात माणसे देवळात हरिपाठास बसतात. त्यांत ती मुलगी असते, आणि "मंग आम्ही धरावं काय" असे विचारणारे आजोबाही असतात. मुलीने एक रिकामे घर कागदात गुंडाळून आमच्याकडे पाठविले आहे. ते आम्ही एकादश स्कंधाच्या पोथीजवळ ठेवले आहे. पोथी उघडण्यापूर्वी ते दिसते, आणि सांगावयाचे ते पाहून सांगावे ह्याची आठवण राहते.

वाचकांस विनंती एवढीच की, हा अंक हाती पडेल त्या दिवशी गावच्या देवळात जाऊन खुंटीवरची वीणा एकदा खाली काढावी, हलवून पाहावी, आणि काढलीच आहे तर टांगण्यापूर्वी एक अभंग म्हणावा.

रामकृष्णहरि.